जुन्या स्मरणिकेतले लेख साइटवर टाकले, पण गूगलवर सापडत नाहीत: नेमकं काय तपासायचं

आमच्या ग्वाल्हेरात हा प्रॉब्लेम दर दिवाळीच्या आगेमागे ठरलेला. कुठल्यातरी मंडळाला जुन्या स्मरणिका नेटवर टाकायच्या असतात, नाहीतर कुणाला आपल्या आजोबांचे दिवाळी अंकातले लेख, मग साइट होते, उद्घाटन होतं, नारळ फुटतो, लिंक व्हॉट्सॲपवर फिरते आणि थोड्या दिवसांनी मंडळाच्या काकांचा फोन, ‘अरे, गूगलवर टाकलं तर आपलं काहीच येत नाही, नुसतं शिंदे टाकलं की मुंबईचं राजकारण येतं.’ तोवर कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं की एसइओचं पॅकेज घ्या, महिन्याला इतके द्या, पहिल्या पानावर आणतो.

पैसे देऊ नका, आधी हे वाचा. छापलेल्या मजकुराच्या बाबतीत भानगड बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असते. एक म्हणजे पानावर जे दिसतंय ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी अक्षरं नसतातच. दुसरं म्हणजे लेख ज्याच्यासाठी छापला तो माणूस अंक हातात घेऊन बसलेला होता, त्याला सगळं आधीच माहीत होतं, आणि आता जो येणार तो कुठून तरी आडवाटेने येणार. पॅकेजवाला यातलं काहीही दुरुस्त करत नाही.

सगळ्यात आधी एक ओळ कॉपी करून बघा

साइटवरचा कुठलाही लेख उघडा, मधलीच एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पेस्ट करा. निम्मं निदान इथेच होतं.

ओळ सिलेक्टच होत नसेल तर ते चित्र आहे, म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ किंवा फ्लिपबुक. फ्लिपबुक ट्रस्टींना फार आवडतं कारण पान उलटल्याचा आवाज येतो, पण बऱ्याच फ्लिपबुकांत आत नुसते फोटो असतात. गूगल स्कॅनमधली अक्षरं वाचायचा प्रयत्न करतं हे खरं, पण जुनी खिळ्यांची छपाई, पिवळा कागद, मागच्या पानाची उमटलेली शाई, अशा देवनागरीवर त्याचा भरवसा धरू नका. फ्लिपबुक हवं तर ठेवा, शोभेला चांगलं आहे, पण प्रत्येक लेख वेगळ्या पानावर टाइप केलेल्या मजकुरात हवाच.

ओळ सिलेक्ट होते पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, तर मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच ठरलेला क्रमांक). हे आमच्याकडे सर्रास, कारण इथले प्रेसवाले हिंदीचं काम करणारे आणि त्यांचा जीव कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असं टाइप केलेलं असतं तेव्हा फाइलमध्ये खरं तर ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात, त्यावर फॉन्टाचा मुखवटा चढवलेला असतो इतकंच. मुखवटा काढला की गूगलला फक्त ई जे के बी एच दिसतं, आणि ते कोण शोधणार? महाराष्ट्रात छापून आलेलं असेल तर बहुतेक श्रीलिपी किंवा आकृती निघतं, तत्त्व तेच, पण कळांची मांडणी वेगळी, म्हणून कृतिदेवचा कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, श्रीलिपीला चालत नाही. फाइल उघडून फॉन्टचं नाव आधी बघा आणि त्याच नावाचा कन्व्हर्टर वापरा, ‘ऑल इन वन’वाल्यांच्या नादी लागू नका.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. पेस्ट केल्यावर मराठीच येतं, पण वेलांट्या एक घर सरकलेल्या, जोडाक्षरं फुटलेली, ‘स्थिती’चं ‘स्िथती’ झालेलं. याची दोन कारणं असतात. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, हलक्या कन्व्हर्टरला जोडाक्षर आलं की ती कुठे न्यायची ते कळत नाही. किंवा मग मजकूर पीडीएफमधून ओढून काढलेला असतो. पीडीएफमध्ये अक्षराचा आकार साठवलेला असतो, तो आकार म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता अर्धवट असला की कॉपी करताना गोंधळ होतो, फॉन्ट युनिकोड असला तरीसुद्धा. म्हणून शक्य असेल तर पीडीएफच्या मागे लागूच नका, प्रेसकडे पेजमेकरची किंवा इनडिझाइनची मूळ फाइल असते का ते विचारा. जुन्या सीडीवर असते पुष्कळदा, लेबलवर भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं, दोन-चार सीड्या लावून बघाव्या लागतात.

स्कॅनमधून मजकूर काढताना

मूळ फाइल नाही, नुसता छापील अंक आहे, तर ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं कॉम्प्युटरने ओळखून मजकूर काढणं. फुकटात करायचं तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक करून गूगल डॉक्सने उघडा, खाली मजकूर येतो. खूप पानं असतील आणि घरात कुणी कॉम्प्युटरचं शिकलेलं असेल तर टेसरॅक्ट नावाचा ओसीआरचा प्रोग्रॅम आहे, तोही फुकट, फक्त भाषा मराठी निवडा. आमच्याकडे सगळं हिंदीवर सेट असतं आणि मग नुक्त्याचे ठिपके नको तिथे उगवतात आणि ळ बिचारा ल होऊन येतो. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको, मोबाइलने वाकड्या उजेडात काढलेल्या फोटोंवर वेळ घालवू नका.

स्मरणिकेची खास डोकेदुखी म्हणजे दोन कॉलम आणि मध्ये जाहिरात. ओसीआर डावीकडून उजवीकडे सरळ वाचत सुटतं, त्यामुळे डाव्या कॉलमचं अर्धं वाक्य उजव्या कॉलमच्या अर्ध्या वाक्याला चिकटतं आणि एखाद्या कवितेच्या मधोमध ‘शुद्ध तुपातील मिठाई, एकवार अवश्य भेट द्या’ येतं. आधी कॉलम वेगवेगळे कापून घ्या, जाहिराती उडवा, मग ओसीआर करा. कंटाळवाणं आहे पण नंतर निस्तरण्यापेक्षा बरं.

मग प्रूफ. हे कुणीतरी मराठी जाणणाऱ्याने डोळ्यांनीच वाचायचं, दुसरा इलाज नाही. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत: ख चा रव, ध चा घ, भ चा म, ब चा व, थ चा य, आणि अनुस्वार गळालेले. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना टाकलेल्या रेघा तशाच राहतात, ‘साहि-त्य’ असा शब्द गूगलच्या दृष्टीने साहित्य नव्हे. छापील प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होऊन बसते तेही जोडून घ्या, मोबाइलवर फार भयंकर दिसतं.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यावर मात्र खास नजर ठेवा. कन्व्हर्टर आणि ओसीआर दोघेही तो आडवा र सरळ रफारात बदलून टाकतात आणि किल्ल्याच्या लेखात दऱ्यांच्या जागी समुद्र येतो. शिवाय हा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो आणि दिसायला दोन्ही एकच. ‘ॲ’चंही तेच, तो एकच सुटा वर्ण म्हणून येतो, किंवा अ वर चंद्र चढवून, किंवा हिंदी कीबोर्डवाला ऍ. एका साइटवर तिन्ही प्रकार मिसळले की साइटच्या आतल्या शोधात एक लेख सापडतो, दुसरा नाही, आणि काका म्हणतात साइट बिघडली. एक पद्धत ठरवा आणि सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारा.

आता हा प्रश्न हमखास येतो की जुनं शुद्धलेखन बदलायचं का. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्याच्या आधीच्या अंकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’ असं सगळं सानुस्वार असतं, आणि आज कोणी ‘कांहीं’ टाइप करून शोधत नाही. माझं मत स्पष्ट आहे, लेखाच्या अंगाला हात लावू नका. तो दस्तावेज आहे, आजोबांनी जसं लिहिलं तसं राहू द्या. शोधणाऱ्याची सोय मथळ्यात आणि वरच्या प्रस्तावनेत करा, ती आजच्या मराठीत. लेख ‘सुधारून’ टाकणारे उत्साही लोक मी पाहिलेत, ते शैलीसकट सगळं धुऊन काढतात.

मजकूर ठीक आहे, तरी येत नाही?

मग आधी साइट गूगलच्या यादीत आहे का ते बघा. गूगलमध्ये साइट हा शब्द इंग्रजीत, मग कोलन, मग आपला पत्ता, मध्ये जागा न सोडता टाका. एकही पान आलं नाही आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा, तिथे सर्च इंजिनांना परावृत्त करायचा एक चौकोन असतो. साइट बनत असताना डेव्हलपर तो टिक करून ठेवतात, कच्चं काम बाहेर दिसू नये म्हणून, आणि उद्घाटनाच्या गडबडीत काढायचा राहतो. ती एक टिक काढली की वर्षभराचं कोडं सुटतं, आणि याच कोड्यावर पॅकेज विकलेलं असतं.

तिथे टिक नसेल तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या साधनात, साइट जोडा, फुकट आहे, आणि लेखाचा पत्ता टाकून तपासा. ‘क्रॉल केलं पण इंडेक्स नाही’ असं आलं तर पान गूगलने वाचलंय आणि बाजूला ठेवलंय. स्मरणिकेच्या साइटवर याचं कारण बहुतेकदा हे असतं की दहा ओळींच्या पानावर आठ ओळी मंडळाचा पत्ता नि कार्यकारिणी, किंवा तोच लेख पीडीएफमध्ये, फ्लिपबुकमध्ये आणि वेगळ्या पानावरही आहे. एकच मजकूर दोनदा असला तर दंड होतो असं लोक घाबरवतात, तसं काही नाही, गूगल त्यातलं एक निवडतं इतकंच. पण ते नेमकी पीडीएफ निवडतं आणि माणूस थेट १२० पानांच्या फाइलवर जाऊन आदळतो, लेख कितव्या पानावर आहे कुणास ठाऊक. लेखाचं पान मुख्य ठेवा, त्यातून पूर्ण अंकाची लिंक द्या, आणि अंकाच्या अनुक्रमणिकेतून प्रत्येक लेखाला लिंक द्या. अनुक्रमणिका हा प्रकार छापील अंकात असतोच, वेबवर आल्यावर लोक तोच नेमका गाळतात आणि लेख एकेकटे कुठूनही न जोडलेले राहतात.

मथळा आणि नावं, इथे खरी मेहनत आहे

अंकात ‘ते दिवस’ असा मथळा छान दिसतो, शेजारी फोटो, वर चौकट, खाली लेखकाचं नाव, वाचणारा गावातलाच. वेबवर नुसतं ‘ते दिवस’ म्हणजे काहीच नाही. आणि आत काय असतं, तर १९६१ साली ग्वाल्हेरला झालेलं मराठी साहित्य संमेलन, ज्याच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे होत्या, या संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. इतका महत्त्वाचा लेख, आणि पूर्ण मजकुरात सालाचा पत्ता नाही, अध्यक्षांचा उल्लेख ‘कुसुमावतीबाई’ इतकाच, गावाचं नाव एकदाही नाही, कारण लिहिणारा नि वाचणारा दोघेही इथेच होते. पानाचा मथळा ‘ग्वाल्हेरचं १९६१ चं मराठी साहित्य संमेलन: एका कार्यकर्त्याच्या आठवणी’ असा करा, त्याच्याखाली ‘मूळ शीर्षक: ते दिवस’ असं द्या, लेखकाचाही मान राहतो.

मथळ्यानंतर तीन-चार ओळींची प्रस्तावना, तिरप्या अक्षरात, कोण, कुठे, केव्हा एवढंच सांगणारी. ग्वाल्हेरचा लेख असला की हे हटकून लागतं. लेखभर नुसतं ‘राजकवी’ लिहिलेलं असतं, आम्हाला कळतं की भा. रा. तांबे, पण पुण्यातला विद्यार्थी तांब्यांचं पूर्ण नाव टाकून शोधतो, त्याला हा लेख कधी दिसणारच नाही. म्हणून वर एकदा भास्कर रामचंद्र तांबे, १८७३ ते १९४१, असं यायला हवं. ‘व्हिक्टोरिया कॉलेज’ असेल तर आताचं महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज हे सांगा. ‘म्युझिक कॉलेज’ असेल तर भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय. ‘परवा’, ‘यंदा’, ‘गेल्या महिन्यात’, ‘समोरच्या पानावरील छायाचित्रात’ असल्या शब्दांना तर वेबवर अर्थच उरत नाही, तिथे चौकटी कंसात साल टाका, फोटोची ओळ फोटोखालीच आणा.

आणि मग काकांचा तो शिंदे. हा प्रॉब्लेम आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी गावांचा आहे, पुण्यामुंबईच्या लोकांना तो समजत नाही. आपण लिहितो शिंदे, बाहेर सगळे सिंधिया म्हणतात. आपण ग्वाल्हेर, ते ग्वालियर. आपण लष्कर लिहितो आणि दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेलं आपलं शहर म्हणतो, गूगल सैन्याच्या बातम्या दाखवतं, कारण हिंदीत ते लश्कर. शोधणारा बहुतेकदा इथल्याच घरातला तिसऱ्या पिढीतला पोरगा असतो, घरी मराठी बोलतो, वाचतो हिंदी, टाइप करतो रोमनमध्ये. म्हणून प्रस्तावनेत एकदा, फक्त एकदाच, दोन्ही रूपं वाक्यात येऊ द्या, म्हणजे ‘ग्वाल्हेरचे शिंदे, ज्यांना हिंदीत सिंधिया म्हणतात’ असं, आणि लेखाच्या तळाला दोन ओळी हिंदीत सारांश. मंडळात यावर वाद होतो, मराठीच्या साइटवर हिंदी कशाला म्हणून. वाद घालू दे, नातवंडं त्याच दोन ओळींवरून आत येणार आहेत.

पण म्हणून तळाशी ‘शिंदे सिंधिया ग्वाल्हेर ग्वालियर लष्कर लश्कर’ अशी शब्दांची माळ लावू नका, आणि पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लपवू तर अजिबात नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही आणि साइट खाली जाते. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली न दिसणारी शब्दांची यादी, भरायला सांगणाराही दिसला तर त्याला नमस्कार करा, वेब रँकिंगसाठी तो वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाचा एका-दोन ओळींचा सारांश, मात्र लिहा, त्याने क्रमांक वाढत नाही पण निकालात ती ओळ दिसू शकते आणि माणूस क्लिक करायचं की नाही ते त्यावर ठरवतो.

परवानगीचं काय

हे आधी सांगायला हवं होतं पण कुणी ऐकत नाही म्हणून इथे. आम्ही छापलं म्हणजे आमचं, असं बहुतेक मंडळांना वाटतं. बाहेरच्या लेखकाकडून लेख मागवला, काही लेखी करार केला नाही, तर हक्क लेखकाकडेच राहतो, अंकात छापायची परवानगी म्हणजे नेटवर टाकायची परवानगी नव्हे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो, म्हणून तांब्यांच्या त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २००२ पासून मोकळ्या आहेत, पण १९८० च्या स्मरणिकेत तुमच्या शेजारच्या मास्तरांनी लिहिलेला लेख नाही. घरच्यांना फोन करा, व्हॉट्सॲपवर का होईना लेखी होकार घ्या, बहुतेक लोक आनंदाने देतात आणि वर जुना फोटोही देतात. पानाच्या शेवटी ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून अंकाचं नाव आणि साल टाका.

लिंका तुटतात, लांबलचक दिसतात

वर्डप्रेस मराठी मथळ्यावरून मराठीच स्लग, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा, बनवतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्याच्या खुणांची शेपटी येते, लोकांना वाटतं व्हायरस आहे. एक देवनागरी चिन्ह त्या कोडमध्ये नऊ अक्षरं खातं आणि वर्डप्रेस स्लग २०० अक्षरांवर तोडतं, म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हांत खेळ खलास. त्यामुळे ‘ग्वाल्हेरच्या मराठी नाट्य’ अशी सुरुवात असलेल्या चार लेखांचे स्लग सारखेच होतात आणि पुढे दोन, तीन असे आकडे लागतात. गूगलला देवनागरी पत्ता चालतो, ते कारण नाही, पण माणसांसाठी रोमनमध्ये छोटा स्लग हाताने द्या, लेख प्रसिद्ध करायच्या आधीच. आधीच प्रसिद्ध झालेल्या लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवतं, पण पीडीएफ हलवली किंवा डोमेन बदललं तर ते होत नाही, तिथे ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं, लावूनच घ्या, नाहीतर ज्या चार लोकांनी लिंक जपून ठेवलीय तेही गेले.

हे सगळं झालं की सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांच्या पत्त्यांची यादी, द्या, महत्त्वाच्या पाच-दहा लेखांना ‘इंडेक्सिंगची विनंती’ करा आणि थांबा. काही दिवस ते काही आठवडे लागतात, रोज बटण दाबून लवकर होत नाही, काकांनाही सांगून ठेवा. दोनेक महिन्यांनी परफॉर्मन्सचा रिपोर्ट उघडा, त्यात लोकांनी खरंच कुठले शब्द टाकून तुमचं पान पाहिलं ते दिसतं, त्यात तुम्हाला अपेक्षित नसलेलं एखादं आडनाव किंवा गल्लीचं नाव नक्की असतं, त्या नावाचा जो लेख असेल त्याची प्रस्तावना पुन्हा एकदा वाचून बघा आणि ते नाव तिथे नसेल तर घाला.